दाराजवळचे कागद

फोन वाजला तेव्हा ल्युबेनच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी होती आणि हात वर उचललेला होता. गालिच्यावर मुताचं डबकं होतं, डबक्यामागे कुत्र्याचं नऊ आठवड्यांचं पिल्लू बसलं होतं. त्यानं दुसऱ्या हातानं फोन उचलला. इस्पितळातून एक बाई बोलत होती. तिनं दोन्काचं पूर्ण नाव विचारलं, तुम्ही नवराच ना हे विचारलं, आणि मग सांगितलं की पहाटे तिचं हृदय बंद पडलं. शस्त्रक्रिया ठीक झाली होती, असंही ती दोनदा म्हणाली.

ल्युबेन "बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला दिसलं की गुंडाळी खाली पडली आहे आणि पिल्लू ती चावतंय. हात खाली कधी आला ते त्याला कळलं नव्हतं.

पिल्लू चार दिवसांपूर्वीच घरात आलं होतं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायचं असताना दोन्का बाजारात गेली आणि शालीत हे घेऊन परतली.

"आता हे कशाला?" ल्युबेननं विचारलं होतं.

"मी परत येईन तेव्हा घरात कुणीतरी खूश असायला हवं. तुझं तोंड मला माहीत आहे."

तिनं त्याचं नाव बोबो ठेवलं. टॅक्सीत बसताना काच खाली करून म्हणाली, "ल्युबेन, याच्यावर हात उचलायचा नाही. शारोचं झालं तसं नको."

शारो त्यांचा आधीचा कुत्रा. ल्युबेन लोकरीच्या गिरणीत मागांचा मिस्त्री होता. माग अडला की ठोकायचा, मग तो चालायचा. शारोलाही त्यानं तसंच शिकवलं. शारो शिकला खरा, पण दारात ल्युबेनची किल्ली वाजली की कोचाखाली शिरायचा आणि तिथेच मुतायचा. अकरा वर्षं. दोन्का गुडघ्यावर बसून पुसायची. ती काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं ल्युबेनला आता रोज ऐकू येत होतं.

दफन झालं. मुलगी इलियाना स्तारा झागोराहून आली होती. तिनं आईचे कपडे वाटले, खिडक्या उघडल्या, नाकाला रुमाल लावला.

"बाबा, घराला वास मारतोय. चाळिसाव्या दिवशी माणसं येणार. आईच्या नावाचं जेवण या वासात वाढायचं?"

"शिकेल ते."

"कोण शिकवणार? तुम्ही? शारोसारखं?"

ल्युबेननं हात खिशात घातले.

"तोवर बघते. चाळिसाव्याला जमिनीवर एक थेंब जरी दिसला तर सासूबाईंच्या गावी नेते. तिथे अंगण आहे, साखळी आहे."

ती वाईट नव्हती. तिलाही कुठेतरी काहीतरी साफ करून टाकायचं होतं.

ती गेल्यावर ल्युबेनला घरात बसवेना. कोचावर बसला की उठायचा, बाल्कनीत जायचा, तिथून स्वयंपाकघरात, तिथे कशासाठी आलो ते विसरायचा. दोन्काच्या खुर्चीला वळसा घालून जायचा. पिल्लू मागे मागे फिरायचं आणि फिरता फिरता कुठेही मुतायला बसायचं. तो पुसायचा. हात शिवशिवायचे, मग खिशात घालायचा. तिसऱ्या दिवशी तो चार मजले उतरून मिन्काताईकडे गेला. तळमजल्यावरची मिन्काताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. अंगणातल्या सगळ्या कुत्र्यांना तीच खायला घालायची.

"मारलंस?" तिनं दार उघडताच विचारलं.

"नाही."

"मारणार होतास."

"फोन आला."

"मग आता फोन नाही आला तरी मारू नकोस. खाली कधी उतरवणार?"

"डॉक्टर म्हणतो सगळी इंजेक्शनं झाल्याशिवाय जमिनीला पाय लावू द्यायचा नाही. तुझ्या कुत्र्यांचे रोग लागतील म्हणे."

"माझ्या कुत्र्यांना काही झालेलं नाही. त्या डॉक्टरलाच असेल एखादा रोग. बरं, मग कागद. दाराजवळ वर्तमानपत्रं पसर. ते झोपून उठलं की उचलायचं आणि कागदावर ठेवायचं. खाल्लं की ठेवायचं. खेळून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की पळत जाऊन ठेवायचं. झालं की तिथल्या तिथे चीजचा तुकडा. पाच मोजेपर्यंतसुद्धा थांबू नकोस, विसरतं ते. दुसरीकडे केलं तर व्हिनेगरनं पुसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. त्याचं नाक घासायचं नाही."

"बस्स?"

"बस्स. मागापेक्षा सोपं आहे. फक्त हातोडा नाही."

सोपं नव्हतं, पण त्यामुळे ल्युबेनच्या येरझाऱ्यांना काम मिळालं. स्वयंपाकघरातलं दोन्काचं केक भाजायचं घड्याळ तो गळ्यात अडकवून फिरायला लागला. ते दर तासाला वाजायचं. ते वाजलं की पिल्लू उचल, कागदावर ठेव, वाट बघ. खिशात खारं पांढरं चीज. सगळ्या विजारींना त्याचा वास. पहिल्या आठवड्यात पिल्लू कागदावरून उतरायचं आणि शेजारी बसायचं. एकदा त्याच्या चपलेत. तेव्हा त्यानं चप्पल भिंतीवर फेकली आणि पिल्लू दचकलं. कान पाडून कोचाकडे बघायला लागलं. ल्युबेन जमिनीवर बसला, आणि पिल्लू आपणहून जवळ येईपर्यंत उठला नाही. त्या दिवशी तेवढा वेळच तो एका जागी बसला.

तिसऱ्या आठवड्यात बोबो झोपेतून उठून स्वतःच दाराकडे गेला, कागदावर बसला आणि मान वळवून त्याच्याकडे बघत राहिला. ल्युबेननं त्याला मुठीएवढं चीज दिलं. सांगायला तो दोन्काच्या खुर्चीकडे वळला, आणि मग पुन्हा घरभर चालत सुटला.

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी इलियाना आली. तिच्या गाडीत पिल्लू न्यायला पुठ्ठ्याचं खोकं होतं, ते ल्युबेननं खिडकीतून पाहिलं. ती ओणवी होऊन सगळ्या खोल्यांतून फिरली, कोचाखाली हात घातला.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"आहेच."

"उद्यापर्यंत बघू."

चाळिसाव्याला वाटायचा गोड गहू शिजवायला ती स्वयंपाकघरात गेली. ल्युबेन छापखान्यातून चाळिसाव्याचे कागद घेऊन आला. काळ्या चौकटीत दोन्का, निळ्या कॉलरच्या ब्लाउजमध्ये, खाली नाव आणि तारीख. इमारतीच्या दारावर, कोपऱ्यावरच्या खांबावर, बसथांब्यावर, तिच्या शाळेच्या फाटकावर लावायचे होते, गावात प्रत्येक मेलेल्या माणसाचे लावतात तसे. ती तिथे स्वयंपाक करायची. बोबो झोपलेला होता. ल्युबेननं दाराजवळची वापरलेली वर्तमानपत्रं उचलून कचऱ्यात टाकली, छापून आणलेला दोन्काचा गठ्ठा स्टुलावर ठेवला आणि चिकटपट्टी शोधायला आत गेला. ती कुठे असते हे फक्त दोन्काला माहीत होतं. चार खण उघडले. तेवढ्यात इलियानानं वाफ जावी म्हणून बाल्कनीचं दार उघडलं. स्लिवेन गावचा नेहमीचा सुसाट वारा सबंध घरातून आरपार गेला.

ल्युबेन बाहेर आला तेव्हा दाराजवळची सगळी जमीन दोन्काच्या चेहऱ्यांनी भरली होती. बोबो नुकताच झोपून उठला होता. दोन वेळा हुंगून, गोल फिरून, तो मधोमध बसला होता.

ल्युबेनचा हात वर गेला. अगदी वर, खांद्याच्याही वर, पंजा उघडा. घशातून आवाज निघाला, त्यात शब्द नव्हता.

बोबोनं वर पाहिलं. तो दचकला नाही. उघड्या पंजाकडे बघून त्यानं शेपूट हलवली, जीभ ओठांवरून फिरवली आणि वाट बघत बसला. त्या पंजातून त्याला आजवर चीजच मिळालं होतं.

ल्युबेनचा हात खिशात गेला. पाच मोजायच्या आत.

"बाबा!" इलियाना चमचा घेऊन दारात उभी होती. "आईवर! आईच्या तोंडावर! आणि तुम्ही त्याला खायला देताय?"

"कागद होता."

"कुठला कागद, दिसत नाही का?"

"त्याला कुठे वाचता येतं? दाराजवळ खाली कागद दिसला की बसायचं, असं मी शिकवलं. महिनाभर शिकवलं. तो चुकला नाही."

इलियाना खाली बघत राहिली. मग चमचा धरून भिंतीला टेकली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसते आहे की रडते आहे हे ल्युबेनला कळलं नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला.

"जमिनीवर एक थेंब नाही," ती शेवटी नाक पुसत म्हणाली. "सगळं आईवर."

"तीच घेऊन आली त्याला."

दोघांनी मिळून कागद उचलले. सात भिजले होते, बाकीचे चांगले होते. दुपारी ते वाऱ्यात फिरून चिकटवत गेले. इलियाना कागद धरायची, तो पट्टी लावायचा. खोकं गाडीतच राहिलं. इमारतीच्या दाराशी मिन्काताईनं सगळी हकिगत ऐकली.

"कागदावर बसतो, ते झालं," ती म्हणाली. "पण या गावात वारा सुटला की खांबावरचे कागद रस्त्यावर येतात. पुढच्या आठवड्यात तू त्याला खाली उतरवशील आणि तो लोकांच्या मेलेल्या माणसांवर बसत फिरेल. मार खाशील."

"मी खाईन," ल्युबेन म्हणाला.

शेवटचं इंजेक्शन मंगळवारी होतं. बोबोला मातीवर बसायला अजून शिकवायचं राहिलं होतं.