भिंतीत तोंड केलेला देव

मी केर्नुनोस बोलतोय. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, ओकवनातला, रानाचा आणि जनावरांचा देव. आवाज दबका येतोय ना? माझं तोंड चुन्यात आहे.

साक्रो पाथरवटानं मला पिवळ्या दगडातून घडवलं आणि झऱ्याकाठी बसवलं. डोक्यात दोन भोकं ठेवली. हरणांनी टाकलेली शिंगं माणसं रानातून शोधून आणत आणि त्यांत खोचत.

सगळे मागायला येत. शिकार मिळू दे, गाय सुखरूप विऊ दे. मागून झालं की निघाले. माझी विचारपूस करणारी एकटी विंदोना, धनगरीण. लोकर धुता धुता म्हणायची, "तुझं बरंय रे बाबा, नुसतं बसायचं!"

मग नवा देव आला. त्याच्या देवळाला दगड हवे होते. एका सकाळी विंदोनाचा मुलगा मातुगेन पहार घेऊन आला, मागे गावचे गडी. विंदोना मध्ये उभी राहिली.

"आई, बाजूला हो."

"तुला लांडग्यानं ओढत नेलं, तेव्हा ह्यालाच हाका मारल्या मी."

"सोडवलं बाबांनी, काठीनं. ह्यानं बोटसुद्धा हलवलं नाही."

लांडग्याला मी किती विनवलं होतं! पण ते कुणाला सांगणार?

विंदोनानं पहार हातानं अडवली. मग म्हणाली, "फोडू तरी नका. अख्खा बसवा भिंतीत."

"लोक हसतील गं!"

"तोंड आत करा. मग कोण बघतंय?"

तसंच केलं त्यांनी. शिंगं उपटून फेकली.

दर रविवारी ती माझ्या पाठीला टेकून बसे. प्रार्थना नव्या देवाची म्हणे आणि मध्येच पुटपुटे, "गुदमरतंय का रे आत?"

एका हिवाळ्यात ती यायची थांबली. मग एकदा सगळे बाहेर पडल्यावर मातुगेन एकटाच जवळ आला. भिंतीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "आई गेली. तुला कळवायला हवं, म्हणून आलो."

त्यानंतर माझ्याशी कुणी बोललं नाही.

पुढे गाव उठलं. देवळाचं छप्पर कोसळलं, रान आत शिरलं. आज पहाटे माझ्या मागे एक हरिणी व्यायली. मला दिसत काहीच नाही. पाडस उठतं, पडतं, पुन्हा उठतं, तेवढं ऐकू येतं.

या वाटेनं आलात, तर मला वळवलं नाहीत तरी चालेल. फक्त पाय जपून टाका. ते अजून धड उभं राहिलेलं नाही.