हजार तास

केझायानं हिवाळ्यासाठी भरलेल्या फरसबीच्या सातही बरण्या मोठ्या कुकरमध्ये उतरवल्या, झाकण फिरवून घट्ट केलं आणि घड्याळाकडे पाहिलं. टेबलापाशी बसलेल्या आईनं, लोरेटानं, तेवढ्यात वही पुढे ओढली होती.

"किती वेळ गेला गं?"

"शेंगा तोडण्यापासून धरलं तर तीन तास."

"म्हणजे रसायनशास्त्र दोन, गृहविज्ञान एक," म्हणत लोरेटानं लिहूनही टाकलं.

अमेरिकेतल्या मिझूरी राज्यात मुलांना घरी शिकवायचं तर वर्षाला हजार तासांची नोंद ठेवावी लागते. ती तपासायला कुणी येत नाही, पण कधी आलंच तर दाखवायला काहीतरी हवं. म्हणून केझायाच्या, म्हणजे प्रुइटांच्या, घरात कोंबडी कापली की जीवशास्त्र व्हायचं, कुंपणाची तार ओढली की भूमिती. आजीला पुरून आले त्या दिवशी इतिहासाचे चार तास झाले होते. चर्चमधल्या बाकीच्या बायकाही असंच करायच्या आणि एकमेकींना सांगून हसायच्या. लोरेटा त्यांच्यात हसायची, पण घरी वही उघडताना तिचा चेहरा गंभीर असायचा. "लोकांची मुलं शाळेत जातात, माझी शिकतात," हे तिचं आवडतं वाक्य होतं, आणि ते ऐकून ऐकून केझायाचे कान किटले होते.

केझाया सतरा वर्षांची. परवा ती चाळीस मैलांवरच्या कॉलेजात नर्सिंगच्या प्रवेशासाठी परीक्षा देऊन आली होती. निकाल तिथल्या तिथे हातात मिळाला होता. घरी आल्यावर तिनं तो सांगितला नाही आणि आईनं विचारला नाही. दोन दिवस दोघींनी मिळून चाळीस बरण्या भरल्या.

"कॉलेजातल्या त्या बाईनं गुणपत्रक ठेवून घेतलं ना?" लोरेटानं आता विचारलं, वहीतून मान वर न करता.

ते गुणपत्रक तिनं स्वतः जाड कागदावर छापलं होतं. वर 'प्रुइट गृहविद्यालय', खाली मुख्याध्यापिका म्हणून तिचीच सही. बीजगणितात 'ए' श्रेणी.

"वाचलं. घडी घालून परत दिलं. छान आहे म्हणाली, पण परीक्षा द्यावीच लागेल."

"मग?"

"वाचनात त्या दिवशीच्या सगळ्यांत वर आले."

"मी म्हटलंच होतं."

ते मात्र खरं होतं. लहानपणी लोरेटा रोज रात्री तिला वाचून दाखवायची, घसा बसेपर्यंत. केझाया चौथ्या वर्षी वाचायला लागली ती आईमुळेच.

"आणि गणितात सहावी."

"सहावी आलीस?"

"सहावीतली. अकरा वर्षांच्या मुलाला येतं तेवढं मला येतं."

कुकरवरचं वजन खडखडायला लागलं. केझायानं आच थोडी कमी केली आणि पाठमोरी राहूनच बोलली.

"अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं होतं, आई. मला वाटलं छपाईत चूक झालीय. उठून त्या बाईला जाऊन सांगितलंसुद्धा. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं."

लोरेटानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नर्सिंगचं काय म्हणतात?"

"आधी गणिताचे तीन वर्ग. दीड वर्ष. मग अर्ज. सोमवारी पहिला वर्ग आहे. नोरीन मावशी खोली देतेय. रविवारी चर्चनंतर मी तिच्याबरोबरच जाईन."

"हे मला आता सांगतेयस?"

"तू आत्ता विचारलंस."

"दीड वर्ष थांबायचंच आहे तर घरीच थांब की. गणित काय, इथेही होईल."

"इथे कसं होतं ते बघून आले ना मी."

लोरेटाला ते झोंबलं. तिनं वहीवर हात ठेवला. "तुझं बीजगणित झालंय. दोन वर्षं केलंय आपण. लिहिलेलं आहे."

केझायानं हात पुसले, फ्रिजवर रचलेल्या जुन्या वह्या खाली काढल्या आणि चार वर्षांपूर्वीची वही आईसमोर उघडली. तो ऑक्टोबर शोधायला तिला वेळ लागला नाही. पानापानावर आईचं तिरपं अक्षर होतं. बीजगणित, दोन तास. बीजगणित, दोन तास. बीजगणित, दीड.

"हा कोणता महिना, आठवतंय?"

लोरेटानं पाहिलं आणि मान फिरवली. त्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. नवरा वेंडेल ट्रक घेऊन नेब्रास्काकडे गेला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तेरा वर्षांची केझाया चुलीपाशी उभी राहून मॅकरोनी उकडायची आणि धाकट्या बहिणीला, पाच वर्षांच्या तिर्झाला, सांगायची की आईला सर्दी झालीय. त्या हिवाळ्यात तिर्झाचा अभ्यास केझायाकडे आला तो आलाच.

"तू उठतसुद्धा नव्हतीस," केझाया म्हणाली. "आणि हे लिहीत होतीस."

"संध्याकाळी तेवढ्यापुरती उठायचे." लोरेटाचा आवाज बारीक झाला होता. "वही कोरी दिसली तर सरकारी लोक तुम्हाला घेऊन जातील, याची भीती वाटायची मला. रोज वाटायची."

"मग नंतर शिकवायचंस. उठल्यावर."

"अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायला?" लोरेटा तिच्याकडे सरळ बघत म्हणाली. "मला कुठे येतं, केझी?"

 केझायाला आईची कीव आली आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिनं ती वही मिटली, पुढची ओढली, मग तिच्या पुढची. सगळा खोटेपणा आज एकदाच आईसमोर मांडायचा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती भराभर पानं उलटत गेली आणि गेल्या फेब्रुवारीपाशी थांबली.

पानाच्या उजव्या अर्ध्या भागात तिर्झाचा रकाना होता. तिथलं अक्षर तिरपं नव्हतं. गोल, टपोरं, निळ्या शाईतलं होतं, केझायाचं स्वतःचं. गणित, एक तास. गणित, एक तास. सोमवार ते शुक्रवार एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेलं. त्या आठवड्यात कॉलेजचे फॉर्म आले होते. तिर्झाला तिनं चित्रं रंगवायला बसवलं होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच दिवस भरून टाकले होते. आधीच्या आठवड्यात फॉर्म नव्हते, तरी पान तसंच होतं. त्याच्याही आधीचं तसंच. तिनं आणखी मागची पानं पाहिली नाहीत.

लोरेटाही पानाकडेच बघत होती.  

मागचं दार पायानं ढकलून तिर्झा आत आली. नऊ वर्षांची, गुडघे मातीनं भरलेले, दोन्ही हातांत शेंगांची बादली. "वेलाला आता काही उरलं नाही," असं म्हणून तिनं बादली टेबलावर ठेवली.

"तिर्झा, सात आठे किती?" केझायानं विचारलं.

तिर्झानं आधी बहिणीकडे पाहिलं, मग आईकडे. कुणी रागावलंय का याचा अंदाज घेतला. टेबलाच्या कडेआड तिची बोटं हलायला लागली, थोडी हलली आणि थांबली.

"हे झालंय का आपलं?"

"झालंय म्हणून लिहिलंय," केझाया म्हणाली.

"मग झालं असेल," तिर्झा म्हणाली आणि खुर्ची ओढून शेंगांची टोकं मोडायला बसली. "आज शेंगाच करू या ना, केझी. गणिताचं तू लिहून टाक."

लाडीगोडीचा नेहमीचाच आवाज होता. आजवर तो कधी वाया गेला नव्हता.

लोरेटानं चालू वर्षाची वही फिरवून मोठ्या मुलीसमोर सरकवली आणि वर पेन ठेवलं.  केझायानं वाकून तिर्झाच्या रकान्यात आजची तारीख घातली, गणित असं लिहिलं आणि पुढे शून्य काढलं.

तिर्झानं मान लांब करून पाहिलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"शून्य कशाला? असं केलं तर हजार कसे भरणार?" ती म्हणाली. "आणि तू तर रविवारी चाललीस. मग माझं कोण लिहिणार?"

ते तिला कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही. कुकरचं वजन खडखडत होतं. कुकर बंद करायला अजून दहा मिनिटं होती.