आधी गूळ, मग मिरची

सिनेमा कितीही टाकाऊ असला तरी अण्णा त्याच्यावर एकदम तुटून पडत नसत. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी द्यावं आणि मग काय ते बोलावं, ही त्यांच्या आईची शिकवण. ती अण्णांनी सिनेमालाही लावली. बिचारा एवढ्या माणसांच्या घामातून येतो, तर आधी त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची. तो गूळ. मग "आता मिरची" म्हणून ते जे सुरू होत, ते ऐकायला जबलपूरच्या घमापुरातली अर्धी गल्ली कान टवकारून असे.

अण्णा म्हणजे श्रीपाद दाणी. सारी नोकरी संरक्षण कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. सदोष माल पुढे सोडायचा नाही, ही हाताची सवय निवृत्तीनंतर सिनेमांच्या वाट्याला आली. पूर्वी ते मराठी मंडळाच्या ओट्यावर बोलत. आता त्यांची मुलगी संपदा त्यांना फोनसमोर बसवी आणि ते बोलणं कापून-जोडून, व्हिडिओ करून 'गूळ-मिरची' या नावानं जगभर सोडून देई. शुक्रवारचा पहिला शो बापलेकीनं मिळून पाहायचा, हा नियम ती शाळेत होती तेव्हापासूनचा. तिकिटं ती फोनवरून काढी, अण्णांना गुडघा लांब करता यावा म्हणून कडेच्याच खुर्च्या घेई. शनिवारी सकाळी चहाबरोबर अण्णा बोलत. संपदाच्या आईला, हेमलताबाईंना, सिनेमाचं वेड नव्हतं. "एका माळेचे मणी," एवढं म्हणून त्या पोहे परतायला निघून जात.

भीडभाड हा शब्द अण्णांच्या कोशात नव्हता. एका सूडपटाबद्दल ते म्हणाले होते, "गूळ हा, की हिरोची मिशी फार छान कोरली आहे. आता मिरची. पाय प्लास्टरमध्ये, आणि हा भाऊ गोदामभर गुंड लोळवून राहिला. माझा एक गुडघा दुखते तर मला जिना उतरवत नाही." भुताच्या सिनेमाबद्दल म्हणाले, "भूत झालेली पोरगी गुणी आहे. पण घरभर अंधार, आणि एकाही शहाण्याला लाइट लावायचं सुचत नाही? आमच्या इथं बिजली गेली तर आम्ही मोमबत्ती तरी शोधतो." एका रडक्या कौटुंबिक सिनेमातल्या आईची साडी त्यांना फार आवडली. "अगदी घरच्यासारखी नेसली आहे. पण तिन्ही पोरं तिला घराबाहेर काढतात आणि ही बाई गाणं म्हणते. माझी आई असती तर तिघांना आधी पोटभर जेवू घातलं असतं आणि मग झोडपलं असतं."

एकदाच काय ते आक्रीत घडलं. दोन बहिणी आईच्या माघारी तिचं घर आवरतात, एवढीच गोष्ट असलेला एक साधा सिनेमा आला. अण्णा चहा संपवून म्हणाले, "याच्यात मिरची नाही. शोधून आणली तरी टाकायला जागा नाही." त्या आठवड्यात जबलपूरचं सगळं मराठी जग तो सिनेमा पाहून डोळे पुसत घरी आलं. अण्णांनी मिरची टाकली नाही, म्हणजे डोळे मिटून जायचं, असं तेव्हापासून ठरूनच गेलं.

मग शहराजवळच्या भेडाघाटात, नर्मदेच्या काठी, चित्रीकरण झालेला एक सिनेमा आला. शहरात नुसता उत्साह. कुणाचा मेहुणा गर्दीत दिसत होता, कुणाची नाव नायिकेच्या मागून जात होती. अण्णा आणि संपदा शुक्रवारी जाऊन आले. परतताना स्कूटरवर संपदा एक शब्द बोलली नाही. एरवी घर येईपर्यंत तिची अर्धी मिरची वाटून झालेली असे.

शनिवारी अण्णा बोलले. "संगमरवराचे असे कडे मी जन्मात पाहिले नाहीत, आणि मी जन्माचा इथलाच. चांदण्यात ते पाणी पाहून डोळे भरून आले. हे सगळ्यांनी पाहायलाच हवं." इथे त्यांनी चहाचा घोट घेतला. "आता मिरची. पाहायचं तर भेडाघाटला जाऊन पाहा, त्या थिएटरात काय आहे? पोरगी इथली, आणि आयुष्यात कधी नर्मदा पाहिली नसल्यासारखी दचकते. पोरगा धुआँधार धबधब्याच्या धारेत उलट्या दिशेनं नाव वल्हवतो. आमचा नाववाला मामा हे पाहून वल्हं टाकून देईल. गोष्ट कुठं आहे? दगडांनीच सगळं काम केलं, नटांनी सुट्टी घेतली." बराच वेळ ते असे बोलले आणि समाधानानं उठले. व्हिडिओ तयार झाल्यावर तो पाहायची त्यांना सवय नव्हती. आपलंच थोबाड आपण काय पाहायचं, असं ते म्हणत. लेकीनं केलंय म्हणजे नीटच असणार.

पुढच्या रविवारी मंडळात बेबीताईंनी त्यांना दारातच गाठलं. बेबीताई जुन्या शेजारीण, अण्णांच्या शब्दाबाहेर एक सिनेमा न पाहणाऱ्या.

"अण्णा, तुम्हीसुद्धा?" त्या म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर सगळं घर नेलं. नागपूरहून बहीण आली होती, तिलाही नेलं. अर्ध्यातून उठून आलो. काहून असं केलं तुम्ही? पास-बिस भेटले का त्यांचे?"

"मी तर चमडी उधेडली त्या सिनेमाची," अण्णा म्हणाले. "ऐकलं नाही का तुम्ही?"

बेबीताईंनी पर्समधून फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला. अण्णांनी पहिल्यांदाच स्वतःला पाहिलं. कडे, चांदणं, भरून आलेले डोळे. हे सगळ्यांनी पाहायलाच हवं. मग सिनेमाचं पोस्टर आलं आणि व्हिडिओ संपला. अण्णांनी तो पुन्हा लावला. चहाचा घोटही नव्हता.

"मिरची नाही म्हणून तर गेलो," बेबीताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता, आणि ते अण्णांना जास्त लागलं. चारचौघं पाहत होते. लेकीनं कापलं, असं सांगायला त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते फोन परत देऊन घरी आले.

संपदा बैठकीत होती. अण्णांनी चप्पल काढली नाही.

"काहून केलंस?" त्यांनी विचारलं.

तिनं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "अण्णा, ते सिनेमावाले शूटिंगला आले तेव्हा ओळख झाली होती. ते म्हणाले, अण्णांचा एक चांगला व्हिडिओ येऊ द्या, मग तुम्हाला मुंबईला एडिटिंगच्या कामाला बोलावतो. बोलावलं पण. मी इथं कब तक अशीच बसून राहू? आणि एक शब्द झूठ नाही टाकला मी. सगळं तुम्हीच बोलले आहात."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

हेमलताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी नजर चुकवली. "पोरीचं भलं होऊन राहिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "एका सिनेमानं तुमचं काय जाते?"

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा हात आपणच शेजारच्या खुर्चीत बसवून तयार केला, हे अण्णांच्या मनातून जाईना. दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. गूळ कुठं संपतो, घोट कुठं घेतात, श्वास कुठं सोडतात, हे तिलाच माहीत होतं.

"पूर्ण व्हिडिओ टाक," ते म्हणाले.

"सिनेमा उतरेपर्यंत नाही टाकता येत. तसं कबूल केलंय मी."

अण्णा नेहमीच्या खुर्चीत बसले. "फोन लाव मग. बोलायचं आहे."

"आत्ता?"

"हो. एक सिनेमा पाहिला आज. छोटासाच आहे."

संपदानं फोन उभा केला. अण्णांनी घसा साफ केला आणि समोर पाहिलं, फोनकडे नाही, तिच्याकडे.

"गूळ हा, की कापणारीचा हात फार साफ आहे. इतक्या वर्षांत एवढा स्वच्छ काप मी पाहिला नाही. ऐकताना मलाही वाटलं, हे मीच बोललो." त्यांचा हात सवयीनं कपाकडे गेला. या वेळी समोर चहा नव्हता. "आता मिरची. पुढच्या शुक्रवारी माझं तिकीट काढू नकोस. मी खिडकीवर उभा राहून एकट्याचं काढीन. कडेची खुर्ची मिळो न मिळो."

संपदा रडत होती. रेकॉर्डिंग बंद करायचं तिला सुचलं नाही.

"अण्णा, हे नाही टाकत मी," ती म्हणाली.

"टाक की," अण्णा उठत म्हणाले. "कुठं कापायचं ते तुला माहीतच आहे."