गिलांगचा वारा आणि वुलानचे ढग

मुले मला रिमोट म्हणतात. मित्रांनो, मी रिमोट नाही. मी गेम खेळायचा कंट्रोलर आहे आणि आता बराच जुना झालो आहे. दोन तळहातांत मावेल एवढा माझा देह. अंगठ्यांसाठी दोन दांड्या, उजवीकडे चार बटणे आणि पोटात एक छोटी मोटर. खेळात काही घडले की ती थरथरते आणि ती थरथर खेळणाऱ्याच्या हातात उतरते. मला डोळे नाहीत. पडद्यावर काय दिसते ते मला माणसांच्या बोलण्यावरूनच कळते. हात मात्र मला न सांगता कळतात. कंटाळलेला हात सैल असतो, घाबरलेला ओला असतो, आणि खेळात रमलेल्या हाताला आपण काही धरले आहे याचीच आठवण नसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने माझे स्क्रू पिळले, दुसरीने माझे एकेक बटण दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले. इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात एका दुकानात मी कितीतरी दिवस तसाच पडून होतो. मग गिलांग आला आणि मला घेऊन गेला.

गिलांगच्या तर्जनीवर बारीक जुन्या रेषा होत्या. लहानपणी बांडुंगजवळच्या लेंबांगच्या उतारावर पतंग उडवताना मांज्याने कापल्याच्या त्या खुणा. बँकेतली नोकरी सोडून तो पतंगाच्या पेचांचा गेम बनवत होता. त्याचे नाव त्याने ठेवले होते 'आंगिन', म्हणजे वारा. त्याच्या जोडीला कॉलेजातली मैत्रीण वुलान होती. ती चित्रे काढायची. वुलानच्या मावशीची, बिबी ओनिहची, लाँड्री होती आणि लाँड्रीच्या वरची खोली हे त्यांचे ऑफिस. खालून दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा फुसफुस आवाज येत असे.

सुरुवातीला त्या गेममध्ये चित्रे नव्हतीच. आभाळ करडे, घरे म्हणजे ठोकळे, पतंग म्हणजे एक चौकोन. पण गिलांगने सारा जीव मांज्यावर लावला होता. दांडी मागे ओढली की मांजा ताणला जाई आणि माझ्या पोटातली मोटर गुणगुणू लागे. ढील दिली की ती मंद होई. समोरच्याचा मांजा घासला की हातात करकर जाणवे. गिलांग मला घेऊन तासन्‌तास बसे आणि एवढ्याशा फरकासाठी पुन्हा पुन्हा सगळे बदलत राही. त्या दिवसांत त्याच्या हातात असणे म्हणजे मला सुख वाटे.

मग ते दोघे मला एका मॉलमधल्या गेमच्या जत्रेत घेऊन गेले. आजूबाजूच्या टेबलांपाशी गर्दी होती. आमच्या टेबलापाशी लोक येत आणि न थांबता पुढे जात. एक मुलगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "हा अजून बनायचाय वाटतं." एक माणूस मात्र बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्याचे हात मला अजून आठवतात. पण तो एकटाच. संध्याकाळी गिलांगने मला पिशवीत ठेवले तेव्हा त्याच्या बोटांत जोर उरला नव्हता.

परतीच्या गाडीत वुलान म्हणाली, "मला रंगवू दे."

"चित्रांनी खेळ चांगला होत नाही."

"नाही होत. पण लोक टेबलापाशी थांबतात. थांबले तर खेळतील ना?"

वुलानने वर्षभर रंगवले. भाताची खाचरे, पत्र्याची घरे, मागे डोंगर आणि वर ढग. त्या ढगांवर तिचा फार जीव होता. ऊन बदलले की त्यांचा रंग बदले, वाऱ्याने त्यांच्या कडा विरत, त्यांची सावली शेतांवरून सरके. एकदा बिबी ओनिह भज्यांची ताटली घेऊन वर आली आणि पडद्यापाशी उभीच राहिली. "अगं, हे तर माझ्या माहेरचं आभाळ आहे," ती म्हणाली. भजी निवून गेली.

त्या ढगांची छोटी फिल्म त्यांनी इंटरनेटवर टाकली. हजारो लोकांनी ती पाहिली. सिंगापूरच्या एका कंपनीतले लिओंग साहेब म्हणाले, मी शनिवारी बांडुंगला येतो, गेम हातात घेऊन बघतो. पसंत पडला तर त्यांची कंपनी तो जगभर विकणार होती. नाही पडला तर पुढे काय, यावर दोघेही बोलत नव्हते. बिबीने खोली महिनाअखेरपर्यंतच देऊ केली होती. तिथे तिला इस्त्रीची नवी टेबले लावायची होती.

पण मित्रांनो, मला एक गोष्ट कधीची जाणवत होती. ढग आल्यापासून खेळ जड झाला होता. अंगठा हलला की मी निरोप तत्काळ पोचवत होतो. कॉम्प्युटर मात्र ढग रंगवण्यात गुंतलेला असे. पतंग वळायला क्षणभर उशीर होई आणि माझ्या पोटातली थरथरही उशिरा येई. खेळणारे याला लॅग म्हणतात. गिलांगचे हात दिवसेंदिवस माझ्यावर घट्ट आवळले जात होते.

गुरुवारी दुपारी त्याने मला टेबलावर ठेवले.

"ढग काढून टाकावे लागतील," तो म्हणाला.

"कुठले?"

"सगळे. पतंग उशिरा वळतोय."

"एवढासा उशीर कुणाला कळतो?"

"ज्याचा पतंग कापला जातो त्याला कळतो."

"लिओंग साहेब काय बघून येताहेत, गिलांग? तुझा वारा? ढग बघून येताहेत ते."

"बघायला येतील. खेळायला बसले की उठून जातील."

"आणि तुझ्या चौकोनांपाशी जत्रेत कोण थांबलं होतं, ते सांग ना."

गिलांगने मला उचलले आणि टेबलावर आपटले. मी घसरून जमिनीवर पडलो. माझ्या पाठीला आरपार चीर गेली. जिन्यावर त्याची पावले धडधडत खाली गेली. खालून बिबीचा आवाज आला, "अरे, जेवून तरी जा."

मी जमिनीवर पडून होतो. वुलान मला न उचलताच निघून गेली.

शुक्रवारी सकाळी ती एकटीच आली. गिलांगचा फोन बंद होता. तिने मला जमिनीवरून उचलले, चिरेवर चिकटपट्टी लावली आणि खेळायला बसली. आजवर तिने मला हातात घेतले होते ते चित्रे कशी दिसतात ते बघायला. जिंकायचे म्हणून ती पहिल्यांदाच बसत होती. गिलांग चुकतो आहे हे तिला स्वतःशी सिद्ध करायचे होते, असे मला तिच्या पकडीवरून वाटले.

तिचा पतंग कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला गेला. ती बटणे अधिकाधिक जोरात दाबू लागली. निरोपाला उशीर झाला की सगळेच असे करतात. पण जोरात दाबल्याने निरोप लवकर पोचत नाही. तिचे तळवे ओले झाले. "मी वळवला होता," ती पुटपुटली. "मी वेळेवर वळवला होता."

मग तिने जुना, करड्या ठोकळ्यांचा गेम लावला. आता पतंग तिचे ऐकत होता. पेच लागला, माझी मोटर करकरली, तिच्या खांद्यापर्यंत ते शहारे गेले असावेत, कारण तिचा श्वास थांबला. तरीही ती हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली. पण आता तिची पकड चिडलेली नव्हती. ती विचार करत होती.

दुपारी गिलांगचा फोन लागला.

"ये," वुलान म्हणाली. "भांडायला नाही बोलवत."

"मग मला करमायचं नाही," गिलांग म्हणाला. पण तो आला. त्याच्या आईने, अंबूने, दोघांसाठी बातागोरचा, म्हणजे तळलेल्या मासळीच्या वड्यांचा, पुडा दिला होता.

"खेळले मी," वुलान म्हणाली. "उशीर कळतो."

गिलांगने पुडा टेबलावर ठेवला. त्याने तिला बोलू दिले.

"पण तुझ्या चौकोनांतही मी हरले. वारा कधी फिरतो ते कळतच नाही. तो दिसत नाही."

"वारा दिसत नसतोच, वुलान."

"मग लहानपणी तुला कसा कळायचा?"

"बांबूचे शेंडे बघायचो. कुणाच्या चुलीचा धूर बघायचो."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू ढग रंगवत होतीस."

"आणि तू माझ्याशी बोलत नव्हतास. याच्याशी बोलत होतास," वुलान म्हणाली आणि तिने मला बोटाने ढकलले.

खिडकीखाली बिबीच्या वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या. वुलान उठून खिडकीपाशी गेली. आली ती थेट कॉम्प्युटरपुढे बसली आणि एकेक ढग पुसू लागली. माऊसचा एकेक टकटक आवाज मला ऐकू येत होता.

"थांब, मी करतो," गिलांग म्हणाला.

"नको. माझे आहेत ते."

मग दोघे कामाला लागले. बांबूचे शेंडे, एका घरावरचा धूर, दोरीवरच्या चादरी. वारा फिरायच्या क्षणभर आधी ही सगळी वळतील, म्हणजे ज्याची नजर तिथे असेल त्याला कळेल. बाकी आभाळ वुलानने एकाच हलक्या रंगात मोकळे सोडले. काम शनिवारी सकाळी संपले. पूर्ण खेळून बघायला वेळच उरला नाही, कारण जिन्यावर लिओंग साहेबांची पावले वाजली.

लिओंग साहेबांचे हात कोरडे आणि थंड होते. असे शेकडो गेम त्या हातांनी धरले असतील. त्यांनी मला सभ्यपणे उचलले, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, काही विचारले नाही. खेळ सुरू झाला आणि लगेच थांबला.

"फिल्ममधले ढग कुठे आहेत?"

खाली इस्त्री फुसफुसत होती.

"मी काढून टाकले," वुलान म्हणाली.

"मी त्यांच्यासाठी आलो होतो."

"माहीत आहे. तो ढगांचा गेमही आहे इथे. आधी तो खेळा, मग हा."

गिलांगने दचकून तिच्याकडे वळून पाहिले असावे. त्याची खुर्ची करकरली. ढगांचा गेम दाखवायचा आणि साहेबांनी तोच हवा म्हटले तर?

साहेब ढगांचा गेम खेळले. "सुंदर," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचा पतंग गेला. ते पुन्हा खेळले, पुन्हा गेला. त्यांची बोटे माझ्यावर रुतू लागली. त्यांनी मला गुडघ्यावर टेकवले आणि म्हणाले, "दुसरा लावा."

दुसऱ्या खेळात ते आधी हरले. मग त्यांचा डावा अंगठा एकदम थबकला आणि त्यांनी ढील दिली, वारा फिरायच्या आधीच. त्यांना चादरी दिसल्या होत्या. पेच लागला. माझी मोटर करकरू लागली. हात आता कोरडे नव्हते. समोरचा पतंग गुल झाला. साहेबांना जकार्ताची गाडी गाठायची होती, गिलांगने दोनदा आठवण करून दिली. त्यांनी हूं केले आणि खेळत राहिले.

शेवटी त्यांनी मला खाली ठेवले.

"ढग नाहीत, म्हणून मला ऑफिसात बोलणी खावी लागतील," ते म्हणाले. "ती फिल्म आजच इंटरनेटवरून उतरवा. माणसाच्या हातात जे पडणार आहे तेच दाखवा. मग मी कराराचा कागद पाठवतो."

"फिल्म उतरवली तर लोक चिडतील," वुलान म्हणाली.

"चिडतील. पण गेम विकत घेऊन मग चिडण्यापेक्षा आत्ता चिडलेले बरे."

लोक चिडलेच. 'फसवलं', 'ढग परत द्या', 'आता हा फुकट दिला तरी नको'. गिलांग खेळून तपासत असताना वुलान त्याला हे वाचून दाखवी. एकदा वाचता वाचता तिचा आवाज थांबला. गिलांगने मला खाली ठेवून तिच्या हातातला फोन काढून घेतला. पण कागद आला. गेम निघाला. तो फार गाजला नाही आणि बुडालाही नाही. काहींनी लिहिले, दिसायला साधा आहे. काहींनी लिहिले, रोज खेळतो. बिबीला तिच्या टेबलांसाठी दुसरी जागा शोधावी लागली आणि ते ती दोघांना अजून ऐकवते.

त्यानंतर माझी डावी दांडी झिजली. कुणी हात लावला नाही तरी ती डावीकडे कलते. नवे कंट्रोलर आले आणि मी वायरींच्या खणात गेलो. महिनोन्‌महिने माझी कुणाला आठवण होत नाही. मधूनमधून वुलान काहीतरी शोधताना मला बाहेर काढते, कशालाही न जोडता नुसती हातात धरते आणि बोलत राहते. परवाही तसेच झाले. आता ते नदीतल्या होड्यांचा गेम बनवत आहेत.

"पाणी जड होतंय, वुलान."

"पाणी नाही काढून टाकणार."

"निम्मं काढ."

"आधी वल्हव बघू. मग सांग." तिचा अंगठा माझ्या दांडीवर घट्ट दाबलेला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा आणि वायर ओढून काढू नका. नवा गेम आणलात की त्याची चित्रे मनसोक्त बघा, कारण कुणीतरी ती वर्षभर रंगवलेली असतात. मग घटकाभर आपल्या हातांकडे लक्ष द्या. ते आवळले आहेत, की आपण काही धरले आहे हेच विसरले आहेत? चांगला की वाईट, हे त्यानंतर बोला. आणि एखादे आभाळ अगदीच मोकळे दिसले, तर तिथे कुणाचे ढग होते, एवढे विचारा.