बटणांची फिरती

बायको गेली त्या दिवशी तिच्या ऑफिसातला माणूस माझी सही घेऊन गेला. ती गुप्तहेर होती हे तिच्या मागेही कोणाला सांगायचं नाही, असा कायदा आहे. परदेशात तिला मदत करणारे अजून तिथेच राहतात.

भेटायला आलेली माझी बहीण म्हणाली, "वहिनीचा सगळा जीव बटणं विकण्यात. लेकीच्या बाळंतपणालाही फिरतीवरच!"

त्याच गोष्टीची लेकीच्या मनात अढी होती.

बहीण गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आईने तीस वर्षं बटणं विकली. मग भेटायला एकही दुकानदार कसा आला नाही?"

सगळं ओठांवर आलं होतं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"राहू द्या. कळलं मला."

मग आईच्या नमुन्यांतलं एक बटण काढून ती माझ्या शर्टाला लावत बसली.