पूर्व दरवाज्याची ताडपत्री

फुटबॉलचा सामना साडेतीनचा होता, पण पूर्वांती दीड वाजताच मैदानाच्या पूर्व दरवाज्याबाहेर बदामाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरून बसली. कारांगवारूच्या लाल पाठीराख्यांत वाचणारी माणसं होती यावर तीन वर्षांपूर्वी कुणी विश्वास ठेवला नसता. मग एकदा हरलेल्या सामन्यानंतर फोनवरच्या गटात शिव्यांचा पाऊस पडला. वैतागून पूर्वांतीनं लिहिलं, ‘ते जाऊ द्या, कोण काय वाचतंय ते सांगा.’ त्यातून ‘लाल वाचक’ नावाचा वेगळा गटच निघाला. घरच्या प्रत्येक सामन्याआधी जमेल त्यानं ताडपत्रीवर यायचं, आपलं पुस्तक दाखवायचं, कुठपर्यंत आलो ते सांगायचं. शेवट मात्र सांगायचा नाही.

आज सामना सुम्बरलावेशी होता. त्या गावाचं नाव काढलं तरी लोक थुंकत. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना मैदानात बंदी होती, आणि तशी बंदी का घालावी लागली याचा पुरावा पूर्वांतीच्या घरातच होता. तिचा धाकटा भाऊ हर्यो तीन वर्षांपूर्वी तिकडून बसनं परतत असताना खिडकीतून दगड आला आणि त्याचा डावा डोळा गेला. आता तो दरवाज्यावरच्या पोरांचा म्होरक्या होता.

ताडपत्रीवर पाच-सहा जण जमले. ढोल वाजवणारा वर्दोयो कबुतरं पाळण्याचं पुस्तक घेऊन आला होता.

“पहिल्या धड्यावर आहे,” तो म्हणाला. “दाणा किती घालावा.”

“मागच्या सामन्यालाही तिथंच होतास की! तोवर कबुतर उपाशी मेलं असेल,” पूर्वांती म्हणाली आणि सगळे हसले.

तेवढ्यात एक सडपातळ माणूस बिचकत पुढं आला. “म्बाक पूर तुम्हीच ना? मी तीर्तो.” म्बाक म्हणजे ताई; गटावर तिला सगळे म्बाक पूर म्हणत.

पूर्वांती उठूनच उभी राहिली. आठ महिने गटावर याचा आवाज ऐकत होती ती. मिठागरातल्या तीन बहिणींची एक जाडजूड कादंबरी तो वाचत होता आणि दर दोन-तीन दिवसांनी काय घडलं ते बोलून पाठवत होता. घरी जेवताना तिनं त्याचा आवाज लावला की हर्योचा हातसुद्धा ताटात थांबायचा.

“पाक तीर्तो!” वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली. “अहो, मी तुम्हाला साठीचे समजत होते.”

“आवाज म्हातारा आहे. बाकीचा अजून पंचेचाळीसचाच आहे.”

तो मांडी घालून बसला. घामानं निथळत होता, तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. त्यानं धाकट्या बहिणीचं सांगायला सुरुवात केली तशी बाजूची चार माणसंही ऐकायला थांबली. पूर्वांतीनं पुस्तक सहज हातात घेतलं आणि पहिलं पान उलटलं. पानावर जांभळा शिक्का होता : सुम्बरलावे वाचनालय.

तीर्तो बोलता बोलता अडखळला. तिनं पाहिलंय हे त्यानं पाहिलं होतं. वर्दोयोनं आपली कबुतरं पुन्हा सुरू केली तेव्हा तीर्तो तिच्याजवळ सरकला.

“आठ महिने फसवलंत?” ती ओठ न हलवता म्हणाली.

“गाव कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

“लाल वाचक नाव आहे गटाचं. वाचता येतं ना?”

“आमच्याकडं असा गट नाही, म्बाक. सामना संपला की नुसत्या शिव्या. एकदा समोर बसून बोलावं वाटलं.”

“आणि त्यासाठी आजचाच दिवस मिळाला?”

“सामनाही बघायचा होता,” तो खाली मान घालून म्हणाला.

तिला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. “उठा. पुस्तक जाकिटात घाला आणि सोतो सुपाच्या हातगाडीमागून बाहेर पडा. पळू नका.”

पण उशीर झाला होता. सुम्बरलावेकडच्या नंबराची मोटारसायकल मशिदीजवळ सापडली म्हणून पोरं पेटली होती. हर्यो सहा जणांना घेऊन रांगेतल्या एकेकाचं ओळखपत्र बघत येत होता. ताडपत्रीपाशी तो थांबला.

“सगळ्यांनी कार्डं काढा.”

“आमचीसुद्धा?” वर्दोयो म्हणाला. “तुला ढोल शिकवला मी!”

“तुझं नको. याचं.” बोट तीर्तोकडं होतं.

“माझ्या ओळखीचे आहेत,” पूर्वांती म्हणाली. पाण्याचे मीटर वाचत ती गावभर फिरायची, तिच्या ओळखी सगळ्यांना ठाऊक होत्या. “बंदराकडं राहतात. तिकडचे मीटर माझ्याकडंच आहेत.”

हर्योनं एका डोळ्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. लहानपणापासून तिचं खोटं त्याला पकडता यायचं.

“मग आपलं गाणं म्हणू दे. दुसरं कडवं.”

तीर्तोनं पहिली ओळ म्हटली. दुसरी त्याला येत नव्हती. पोरांचं कोंडाळं आवळलं. एकानं कमरेचा पट्टा सोडून मुठीला गुंडाळला. पूर्वांती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“त्यांना मारायचं तर आधी मला बाजूला करा.”

“म्बाक, राहू द्या,” तीर्तो मागून म्हणाला. त्यानं कार्ड काढून हर्योच्या हातात दिलं. “सुम्बरलावेचाच आहे मी. पुस्तकासाठी आलो. दगड कधी मारला नाही. पण मारणाऱ्यांना अडवलंही नाही कधी.”

हर्यो कार्ड बघत नव्हता. तो आवाज ऐकत होता.

“मिठागरवाला?” त्यानं हळूच विचारलं.

तीर्तोनं मान हलवली.

पुढचं इतक्या झटकन घडलं की पूर्वांतीला ओरडायलाही सुचलं नाही. हर्योनं तिला बाजूला ढकललं आणि तीर्तोच्या तोंडावर अशी थप्पड ठेवून दिली की आवाज तिकीट खिडकीपर्यंत गेला. ओठ फुटला. “हा माझा आहे!” हर्यो पोरांवर खेकसला. “डोळा माझा गेलाय, तुमचा नाही. कुणी मागं यायचं नाही.” गचांडी धरून त्यानं तीर्तोला फरफटत नेलं. पोरांनी जल्लोष केला.

पूर्वांती मागं धावली. सोतोच्या हातगाडीमागच्या बोळात हर्योनं त्याची कॉलर सोडली होती आणि स्वतःचा लाल मफलर त्याच्या गळ्यात अडकवत होता.

“गावाबाहेरचा पूल ओलांडेपर्यंत काढू नको. मोटारसायकल विसर, ती आता जळणार. बसनं जा.” बहिणीकडं वळून म्हणाला, “आणि तू, परत असं मधे उभी राहू नकोस.”

मोटारसायकल खरंच जळाली. सामना बरोबरीत सुटला.

संध्याकाळपर्यंत गटात आग लागली होती. हेर होता तो, म्हणून कुणी लिहिलं, तर कुणी ऐकत राहिलो त्याचीच लाज वाटते म्हणालं. तीर्तोनं एकच ओळ पाठवली : ‘पोचलो. मला ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा.’ पूर्वांतीनं मतं घेतली. काढा एकोणीस, ठेवा अकरा. वर्दोयोनं ठेवा म्हटलं होतं, तिनंही. पण गट तिच्या एकटीचा नव्हता. तिनं स्वतःच्या अंगठ्यानं त्याचं नाव काढलं.

घरी हर्यो तळलेला मासा चिवडत बसला होता.

“काढलंस?”

“काढलं.” ती त्याच्यासमोर बसली. “थप्पड कशाला मारलीस? नुसतं ओढत नेलं असतं तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं. त्यांना काहीतरी बघायचंच होतं.” त्यानं ताट बाजूला सारलं. “आणि खरं सांगू? हात उचलला तेव्हा मला बरंही वाटलं. ओळखल्यावरसुद्धा.”

तो उठून हात धुवायला गेला तेव्हा तिनं तीर्तोच्या नंबरावर लिहिलं, ‘ओठ कसा आहे?’

‘सूज आहे. बायकोला सांगितलं, गाडी चोरीला गेली आणि मी पडलो.’ थोड्या वेळानं दुसरी ओळ आली. ‘पान चारशे चाळीसवर आहे. बोलून पाठवू?’

‘आज नको,’ पूर्वांतीनं लिहिलं. मग बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला आणि पुढं लिहिलं, ‘उद्या.’