माशांची बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझा जन्म दुधासाठी झाला. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या मेन राज्यातल्या घरांच्या पायऱ्यांवर मी सकाळी उभी असायची. पुढे दूध कागदी खोक्यांतून येऊ लागलं आणि माझी रवानगी विद्यापीठातल्या फळमाशांच्या खोलीत झाली.

तिथे इर्मा थिबोदो नावाची विद्यार्थिनी फळमाशा पाळायची. आंबलेल्या फळातला मद्यार्क पचवणारं एक विकर या माशांच्या अंगात असतं. त्याच्या जनुकाची दोन रूपं आहेत. दक्षिण टोकाच्या फ्लोरिडाहून उत्तरेकडे यावं तसं एक कमी होतं, दुसरं वाढतं. दोन वर्षं बागा हिंडून इर्मानं तेच मोजलं होतं. फक्त शेवटच्या, अगदी उत्तरेच्या बागेतल्या माशा थेट फ्लोरिडासारख्या निघाल्या.

“तो आकडा सोडून दे,” प्राध्यापक हॅल्वर्सन म्हणाले. “बाकीचं किती छान जुळतंय.”

“जुळत नाही म्हणून सोडू, सर? मग बाकीचं तरी खरं कशावरून?”

त्या बागेत माशांना भुलवायला तिनं दुकानातली केळी नेली होती. तिनं तशीच केळी सालीसकट माझ्यात कुस्करली आणि कापसाचं बूच घट्ट बसवलं. बाहेरून काही आत येणं शक्यच नव्हतं. तरी काही दिवसांनी माझ्या पोटात माशा भिरभिरू लागल्या. दूर दक्षिणेत केळ्यांवर घातलेली अंडी इथवर आली होती; बागेत मोजलेल्या माशाही अशाच केळ्यांतून आलेल्या. इर्मा कपाळावर हात मारून हसली, मग हळूच डोळे पुसू लागली. मला फार वाईट वाटलं.

थंडी तोंडावर आली होती. मला घेऊन ती त्याच बागेत गेली.

“काय गं, आज केळी नाहीत?” म्हातारे बागवान पेल्की म्हणाले.

“नाही, काका. तुमची सडकी सफरचंदं हवीत.”

“लोक चांगली मागतात.”

“माझ्या पाहुण्यांना सडकीच आवडतात.”

“मग लवकर बोलाव त्यांना. उद्या दंव गोठलं की एक उरायचा नाही.”

रस काढलेल्या चोथ्याच्या ढिगावर ती संध्याकाळपर्यंत वाकून होती. त्या माशा मात्र खऱ्या उत्तरेच्या निघाल्या. पहिला आकडा का चुकला, हेही इर्मानं प्रबंधात लिहिलं.

आता प्लास्टिकच्या नळ्या आल्या आहेत. मी फळीवर धूळ खात असते. मित्रांनो, माशी केवढीशी, पण तीही आपला मुलूख अंगात घेऊन फिरते. तिला मोजण्याआधी, “बाई, तू कुठली?” एवढं आपुलकीनं विचारत जा.